सत्तेच्या तळातून आलेली साक्ष

शोषितांचा इतिहास शोधायचा तर तो कोठे शोधायचा? ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी आपल्या पराक्रमाच्या बखरी लिहिल्या. ज्यांच्या हाती दंडुका होता त्यांनी पंचनामे लिहिले. मारला गेलेला माणूस या दोन्ही कागदांत आरोपी म्हणून येतो, नाहीतर येतच नाही. म्हणून शोषितांनी आपला इतिहास कंठात ठेवला. तो ओवीत आहे, जलशात आहे, अंत्ययात्रेतील घोषणेत आहे. जगातील दुसऱ्या एका मोठ्या शोषित समूहाने, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी, हेच केले. या लेखात अशाच एका गीतसंग्रहाचा विचार मला करावयाचा आहे. 'अल्जिअर्स' नावाच्या अमेरिकन रॉक बँडची ही दुसरी ध्वनिमुद्रिका. तिचे नाव 'द अंडरसाइड ऑफ पॉवर'. ती २३ जून २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. नावाचा मराठी अर्थ सांगायचा तर सत्तेची खालची बाजू, सत्तेचा तळ.

या नियतकालिकाच्या पानांवर रॉक संगीताची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रॉक म्हटले की सुखवस्तू घरातील केस वाढविलेली मुले आणि कानठळ्या बसविणारा गोंगाट हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्या गीताचे नाव 'वॉक लाइक अ पँथर' असे आहे आणि त्या गीताच्या आरंभी ऐकू येतो तो गायकाचा आवाज नाही. तो फ्रेड हॅम्प्टनचा आवाज आहे. ४ डिसेंबर १९६९ रोजी शिकागोच्या पोलिसांनी पहाटे घरात घुसून ज्याला ठार केले, तो ब्लॅक पँथर पक्षाचा एकवीस वर्षांचा नेता भाषण करीत आहे. ज्या पँथरचे नाव आपल्या तरुणांनी १९७२ साली मुंबईत स्वतःला घेतले, तोच हा पँथर. तेव्हा हा विषय परका आहे असे मी मानत नाही.

'अल्जिअर्स'चे मूळ जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात आहे. गायक फ्रँकलिन जेम्स फिशर हा कृष्णवर्णीय. रायन माहन आणि ली टेश हे त्याचे दोन गोरे सोबती त्याच शहरातले. 'ब्लॉक पार्टी' या इंग्लिश बँडमधून बाहेर पडलेला ढोलवादक मॅट टाँग पुढे त्यांना येऊन मिळाला. पहिली ध्वनिमुद्रिका २०१५ साली बँडच्याच नावाने आली. दुसरीत बारा रचना आहेत. तिची निर्मिती 'पोर्टिसहेड' या ब्रिटिश बँडमधील एड्रियन अटली आणि त्यांचे सहकारी अली चँट यांनी केली, आणि ती प्रसिद्ध केली मॅटाडोर या न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या स्वतंत्र कंपनीने. अशा कंपन्यांच्या आश्रयाने वाढलेल्या संगीताला तिकडे 'इंडी' म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र.

आता हा 'स्वतंत्र' शब्द तपासून घेतला पाहिजे. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात स्वातंत्र्याचा प्रश्न प्रथम गोऱ्या तरुणांनी उपस्थित केला, असा समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. १९२० साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी प्रचंड खपली, तेव्हा गोऱ्या कंपन्यांच्या लक्षात आले की काळी माणसेही तबकड्या विकत घेतात. मग त्यांनी 'रेस रेकॉर्ड्स' या नावाखाली काळ्यांसाठी निराळी यादीच काढली. तबकड्यांचेही सवते पाणवठे झाले! याला उत्तर म्हणून १९२१ साली हॅरी पेस या कृष्णवर्णीय उद्योजकाने 'ब्लॅक स्वान' ही स्वतःची कंपनी उभी केली. तिच्या संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. डुबॉय होते. हे तेच डुबॉय, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्या पत्रातून त्यांनी मागविली होती आणि डुबॉय यांनी ३१ जुलै १९४६ रोजी त्यांना आस्थेने उत्तर पाठविले. तबकडी काढणारी कंपनी आणि राष्ट्रसंघाकडे केलेला अर्ज या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला महत्त्वाच्या वाटत होत्या. आपला आवाज कोणाच्या यंत्रातून बाहेर पडतो आणि त्याची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न डुबॉय यांना राजकीय वाटला. ब्लॅक स्वान थोड्याच वर्षांत बाजारात हरली, आणि १९२४ साली तिचा तबकड्यांचा संग्रह पॅरामाउंट या गोऱ्या कंपनीच्या हाती गेला. पण स्वतंत्र ध्वनिमुद्रणाची कल्पना कोणाच्या गरजेतून जन्मली याचा पुरावा तिने मागे ठेवला.

हेच डुबॉय १८९७ पासून १९१० पर्यंत अटलांटा विद्यापीठात शिकवीत होते. तेथे असतानाच, १९०३ साली, त्यांचा 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील प्रकरणांच्या माथ्यावर त्यांनी गुलामांच्या शोकगीतांचे स्वरलेखन छापले आणि अखेरचे प्रकरण त्या गीतांनाच वाहिले. समाजशास्त्राच्या ग्रंथात गाण्याला पुराव्याचे स्थान देणारा हा विद्वान होता. 'अल्जिअर्स' हा बँड त्याच शहरातून आला, हा योगायोग असेल. परंतु पुरावा म्हणून गाणे, ही जी रीत डुबॉय यांनी घालून दिली तिच्या वाटेनेच ही ध्वनिमुद्रिका चालते असे मला दिसते.

२

या संगीतात टाळ्या आणि पायांचे ठोके ताल धरतात. फिशरचा आवाज चर्चमधील सामुदायिक गायनाच्या, म्हणजे गॉस्पेलच्या घडणीचा आहे. एक हाक देतो आणि समूह साद देतो. त्याच्या भोवती विजेच्या वाद्यांचा कर्कश, यंत्रासारखा गदारोळ असतो. प्रथम ऐकणाराला ही विसंगती वाटते. पण टाळ्यांचा इतिहास समजला की विसंगती राहत नाही.

१७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. ढोल वाजवीत ते पुढे निघाले आणि वाटेतले आणखी गुलाम त्यांना येऊन मिळाले. बंड चिरडले गेले. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तेथील मळेवाल्यांच्या विधिमंडळाने जो कायदा केला त्यात गुलामांनी ढोल बाळगण्यावर आणि वाजविण्यावर बंदी घातली. ढोल निरोप पोहोचवितो, ढोल माणसे गोळा करतो, हे मालकांना कळले होते. ढोल गेला, तेव्हा गुलामांनी आपल्या शरीराचाच ढोल केला. तळहात, मांड्या, टाचा, लाकडी जमीन यांतून ताल उभा राहिला आणि पुढे तो चर्चमध्ये शिरला. तेव्हा त्या टाळ्या भक्तीच्या आहेत, पण त्या आधी बंदीच्या आहेत.

येथे आपल्याकडील चित्र शेजारी ठेवून पाहावे. तिकडे गुलामाने ढोल वाजवू नये असा कायदा, इकडे मांगाने हलगी वाजविलीच पाहिजे अशी सक्ती. पाटलाच्या घरचे लग्न असो, देवीची जत्रा असो, वाजविणारा हात ठरलेला आणि त्याला मिळणारे शिळेपाकेही ठरलेले. हाच माणूस आपल्या घरच्या नवरदेवापुढे वाजंत्री लावून गावातून मिरवू लागला की गावाची लाज जाते आणि दगड पडतात. म्हणजे तिकडची बंदी आणि इकडची सक्ती या एकाच सत्तेच्या दोन बाजू झाल्या. नाद कोणी, कोणासाठी आणि कोठे करावा हे वरच्याने ठरवायचे. आपल्या माणसांनी वाजविण्याचे बलुते नाकारले, कारण त्यातील नादाला त्यांचा विरोध नव्हता, त्यातील हुकूम त्यांना नको होता. पुढे हीच डफ-ढोलकी आंबेडकरी जलशात आली तेव्हा ती मालकाच्या हुकमातून सुटलेली होती.

रॉकच्या बाबतीत आणखी एक अन्याय झाला आहे, तोही नोंदविला पाहिजे. विजेची गिटार गळ्यात अडकवून चर्चगीते गाणारी सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड ही रॉकची आद्य घराणी काळी आहेत. 'हाउंड डॉग' हे गाणे बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजात १९५३ साली गाजले. १९५६ साली ते एल्व्हिस प्रेस्लीने गायिले आणि जगाच्या दृष्टीने ते प्रेस्लीचे झाले. नंतर अशी वेळ आली की रॉक वाजविणारा काळा मुलगा हाच अपवाद वाटू लागला. ज्यांनी विहीर खणली त्यांनाच तिच्या काठावर परके ठरविण्याची ही रीत आपणास ठाऊक आहे. म्हणून फिशर रॉकच्या रंगमंचावर उभा राहतो तेव्हा तो कोणाची नक्कल करीत नाही. तो घरी परत आलेला आहे.

३

आता हॅम्प्टनकडे येऊ. ब्लॅक पँथर पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केला. पँथरचे चिन्ह त्यांच्याकडे अलाबामा राज्यातील लाउंड्स परगण्यातून आले. तेथे गोऱ्यांच्या पक्षाला तोंड देण्यासाठी कृष्णवर्णीयांनी स्वतःची संघटना काढली होती. अनेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मतपत्रिकेवर चित्र हवे होते. ते चित्र पँथरचे होते. निवडणूक चिन्हाचा अर्थ भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

फ्रेड हॅम्प्टन हा या पक्षाच्या इलिनॉय शाखेचा उपाध्यक्ष. त्याने १९६९ साली शिकागोत एक आघाडी बांधली, तिला 'रेनबो कोअॅलिशन' म्हणत. तीत पोर्टो रिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्स' होती आणि दक्षिणेतील डोंगराळ भागातून पोट भरण्यासाठी शहरात आलेल्या गरीब गोऱ्यांची 'यंग पेट्रियट्स'ही होती. गरीब गोऱ्याला काळ्याच्या शेजारी बसविणारा हा तरुण सत्तेला बंदुकीपेक्षा अधिक धोक्याचा वाटला असला पाहिजे. एफबीआयने त्याच्या भोवती विल्यम ओनील नावाचा खबऱ्या पेरला. ओनीलने घराचा नकाशा पुरविला. पहाटे चौदा पोलीस आले. नव्वदहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांतील फक्त एक गोळी पँथरांच्या बाजूने सुटली होती, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. हॅम्प्टन अंथरुणातच होता. त्याच्याबरोबर मार्क क्लार्क हा बावीस वर्षांचा कार्यकर्ताही मारला गेला.

यानंतर जे झाले ते माझ्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. सरकारी वकिलाच्या कचेरीने ही तुंबळ चकमक असल्याचे जाहीर केले आणि आतून गोळ्या झाडल्याच्या खुणा म्हणून वृत्तपत्राला छायाचित्रे दिली. प्रत्यक्षात त्या खुणा खिळ्यांच्या डोक्यांच्या होत्या. पोलिसांनी घर मोहोरबंद करण्याचे राहून गेले होते. पँथरांनी ते लोकांना उघडे केले. हजारो माणसे रांग लावून त्या घरातून गेली आणि भोके आपल्या डोळ्यांनी पाहून आली. सरकारी कागदाविरुद्ध लोकांनी स्वतः केलेला हा पंचनामा होता. कोर्टात मात्र १९८२ पर्यंत झगडावे लागले. अखेर केंद्र सरकार, परगणा आणि शहर यांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर नुकसानभरपाई देण्याचे मान्य केले. मारणाऱ्यांपैकी कोणाला शिक्षा झाली नाही.

'वॉक लाइक अ पँथर' ऐकताना मला त्या रांगेची आठवण येते. गीत ऐकणारा प्रत्येक जण जणू त्या घरातून एक फेरी मारून येतो. हॅम्प्टनचा आवाज संपतो आणि त्यावर अटलांटाच्या आजच्या तरुणांच्या रॅप संगीतातला थरथरता ताल येतो. त्या तालावर फिशर ओरडतो. अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर एका क्षणात कापले जाते. हे काव्यात्म चमत्कारासाठी केलेले नाही. १९६९ चा खटला २०१७ मध्येही चालू आहे, असे हे गीत सांगते.

तो खटला कसा चालू आहे, ते 'क्लीव्हलँड' या गीतात दिसते. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तामिर राइस हा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बागेत खेळण्यातले पिस्तूल घेऊन उभा होता. एका माणसाने पोलिसांना दूरध्वनी केला. पिस्तूल बहुधा खोटे असावे, मुलगा बहुधा लहान असावा, असे त्याने सांगितले होते. गाडीतील पोलिसांपर्यंत हे शब्द पोहोचविलेच गेले नाहीत. गाडी आली आणि दोन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा मेला. २८ डिसेंबर २०१५ रोजी ग्रँड ज्यूरीने कोणावरही आरोप ठेवण्यास नकार दिला. एप्रिल २०१६ मध्ये शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले, चूक मात्र मान्य केली नाही. मे २०१७ मध्ये गोळी झाडणाऱ्याची नोकरी गेली, ती मुलाला मारल्याबद्दल गेली नाही, नोकरीच्या अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल गेली. पुढच्याच महिन्यात ही ध्वनिमुद्रिका बाहेर आली.

'क्लीव्हलँड'मध्ये तामिरचे नाव उच्चारले जाते आणि त्याच्या पाठोपाठ अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांत मेलेल्या इतर कृष्णवर्णीयांची नावेही येतात. रॉकच्या गाण्यात नावांची यादी सहसा नसते. प्रस्थापित समीक्षक म्हणेल की यादी म्हणजे काव्य नव्हे. आपल्याकडील समीक्षकांनीही दलित कवितेला हेच सुनावले होते. हा अहवाल आहे, ही घोषणा आहे, यात कलात्मक अंतर नाही! ज्याच्या मृत्यूची नोंदच खोटी लिहिली गेली, त्याचे नाव मोठ्याने घेणे हे पहिले सत्य आहे. अंतर राखण्याची चैन ज्याला परवडते त्याने ती जरूर करावी. या गीतात नाव घेताना फिशरचा आवाज फाटतो आणि त्या फाटण्यातच गीताचे सौंदर्य आहे असे माझे मत आहे. शोक आणि आरोप या दोन गोष्टी तेथे वेगळ्या काढता येत नाहीत.

४

बँडने 'अल्जिअर्स' हे नाव का घेतले? अल्जिअर्स ही अल्जीरियाची राजधानी. फ्रेंच वसाहतवादाविरुद्धच्या लढ्याने हे शहर जगातील साऱ्या शोषितांच्या तोंडी गेले. फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिक बेटावरचा काळा मनोविकारतज्ज्ञ अल्जीरियातील ब्लिडा येथे काम करीत असतानाच या लढ्यात उतरला. त्याचा 'द रेचेड ऑफ द अर्थ' हा १९६१ चा ग्रंथ न्यूटन आणि सील यांनी अभ्यासिला होता. पोंतेकोर्व्होचा 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' हा चित्रपट १९६६ साली आला. पुढे १९७० साली पँथरांनी आपले आंतरराष्ट्रीय कार्यालय उघडले ते याच शहरात. या ध्वनिमुद्रिकेतील 'मादाम रियू' हे शीर्षक आल्बेर कामूच्या १९४७ च्या 'प्लेग' कादंबरीतील डॉक्टर रियूच्या घराची आठवण देते. ती कादंबरी अल्जीरियातीलच ओरान शहरात घडते. 'बरी मी स्टँडिंग' या शीर्षकातले शब्द युरोपातील रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांच्या एका म्हणीतले आहेत. आयुष्यभर गुडघ्यांवर राहिलेल्या माणसाने निदान पुरताना तरी उभे पुरा असे मागणे, असा तिचा आशय. रोमांचे पूर्वज भारतातून गेले हे आता सर्वमान्य आहे. अशा रीतीने केवळ शीर्षकांच्या वाटेने गेले तरी अटलांटापासून ओरानपर्यंतचा शोषितांचा नकाशा उलगडत जातो.

या नकाशावर मुंबई आहे. दलित पँथर १९७२ साली निघाली. आपल्या १९७३ च्या जाहीरनाम्यात तिने ब्लॅक पँथरांशी आपले नाते उघडपणे सांगितले. १० जानेवारी १९७४ रोजी, वरळीच्या दंगलीनंतर निघालेल्या मोर्चावर परळमध्ये इमारतीवरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव हा तरुण पँथर ठार झाला. 'सत्तेची खालची बाजू' हे शब्द मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला हा प्रसंग दिसतो. येथे ते रूपक उरत नाही. वर गच्चीवर दगड उचललेले हात आणि खाली रस्त्यावरून चालणारा माणूस. वरच्याला खालचा फक्त ठिपक्याएवढा दिसतो. खालच्याला मात्र सत्तेचा तळ दिसतो, कारण तो तळच त्याच्या डोक्यावर येत असतो. सत्तेचे खरे स्वरूप तिच्या खाली असलेल्यालाच कळते, हे या शीर्षकाचे सार आहे.

५

या ध्वनिमुद्रिकेचा मी भक्त नाही. आपली टीका ज्या कसोटीने चालते तिने हीही तपासली पाहिजे.

पहिली शंका श्रोत्याविषयी. २०१७ साली 'डिपेश मोड' या विख्यात ब्रिटिश बँडच्या युरोपातील मैफलींच्या आधी 'अल्जिअर्स' वाजवीत होता. तेथील बहुसंख्य गोऱ्या श्रोत्यांपुढे तामिरचे नाव घेण्याने काय साधते? हळहळ विकत घेऊन घरी जाणाऱ्या श्रोत्याचा अनुभव दलित साहित्यालाही आहे. आपल्या आत्मकथनांवर अश्रू ढाळणारा वाचक उद्या आपल्याला घर भाड्याने देईलच असे नाही. तरीही साक्ष ही अनुकूल श्रोत्यापुढेच द्यायची असते असे नाही. साक्ष कोर्टातच द्यावी लागते, आणि कोर्ट दुसऱ्याचेच असते.

दुसरी शंका बँडच्या रचनेविषयी. काळ्यांच्या वेदनेत गोऱ्या सोबत्यांचा वाटा कोणता? याचे उत्तर हॅम्प्टनच्या आघाडीत आहे. तेथे गोऱ्यांना येण्याची मनाई नव्हती. त्यांनी नेतृत्व आपल्याकडे ओढायचे नाही आणि स्वतःच्या समाजातील वर्णद्वेषाशी लढायचे, ही अपेक्षा होती. या ध्वनिमुद्रिकेत केंद्रस्थानी फिशरचा आवाज आहे आणि इतरांची वाद्ये त्याच्याभोवती उभी आहेत. ही मांडणी मला योग्य वाटते.

तिसरी शंका मात्र गंभीर आहे. या गीतांतला पँथर नेहमी मरणाच्या छायेत आहे. भोंगा, गोळी, हुतात्मा, प्रलय यांनी हा सारा आसमंत भरला आहे. परंतु ब्लॅक पँथर पक्षाने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये मुलांना मोफत न्याहारी देण्यास प्रारंभ केला आणि थोड्याच काळात अनेक शहरांतील हजारो मुले शाळेत जाण्यापूर्वी पोटभर खाऊ लागली. त्यांनी दवाखाने काढले, सिकलसेल रोगाची तपासणी केली. १९७४ ते १९७७ या काळात पक्षाचे नेतृत्व इलेन ब्राउन या स्त्रीकडे होते. तिने १९६९ सालीच 'सीझ द टाइम' नावाची स्वतःच्या गीतांची ध्वनिमुद्रिका काढली होती. पक्षाचा 'द लंपेन' नावाचा गाणारा ताफाही होता. हा राबणारा, वाढणारा, गाणारा पँथर आणि त्यातील स्त्रिया मला या बारा रचनांत ऐकू येत नाहीत. हुतात्म्याची आठवण सोपी असते, कारण तो आता काही मागत नाही. रोज पहाटे उठून मुलांसाठी न्याहारी शिजविणारा कार्यकर्ता मात्र आपल्याकडे वेळ मागतो.

ही उणीव केवळ त्यांची नाही, आपलीही आहे. आपण पँथरच्या घोषणा आणि पँथरची फूट या दोन गोष्टी आठवतो. खेडोपाडी अत्याचाराची बातमी कळताच मिळेल त्या गाडीने तेथे पोहोचणारा, फिर्याद नोंदवून घेईपर्यंत ठाण्याच्या पायरीवरून न हलणारा साधा पँथर मात्र गाण्यात आला नाही.

६

आपल्या गाण्यांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांच्या हजारो गीतांपर्यंत आपल्या गाण्याने शाळेत न गेलेल्या माणसाला चळवळीचा इतिहास पाठ करविला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांनी आपले जीवन संपविले. आपल्या शाहिराचे आणि आपल्या मृतांचे नाते इतके निकटचे होते.

आज चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भिंतीएवढे ध्वनिवर्धक येतात. त्यांच्या ठोक्यावर नाचणाऱ्या तरुणांना नावे ठेवण्याची सवर्णी फॅशन मला मान्य नाही. ज्याच्या आजाला गावातून वाजत जाण्याची बंदी होती, त्याच्या नातवाने हमरस्त्यावर मोठ्याने वाजवावे यात इतिहास आहे. माझा प्रश्न एवढाच की त्या आवाजात नावे किती आहेत? बाबासाहेबांचे नाव आहे आणि ते राहणारच. पण भागवत जाधव आहे काय? रमाबाई नगरातले दहा जण आहेत काय? खैरलांजीतील २००६ सालचे भोतमांगे कुटुंब आहे काय? जयघोषाने उत्सव होतो. नावे, गावे आणि तारखा आल्या की त्याच गाण्याची साक्ष होते. 'द अंडरसाइड ऑफ पॉवर'ने तामिर राइसचे नाव गाण्यात घेतले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन न्याय खात्याने ते प्रकरण कोणावरही आरोप न ठेवता बंद केले. सरकारी फाइल बंद झाली, गाणे बंद झाले नाही. ते कोणीही, कधीही लावले की त्या मुलाचे नाव पुन्हा उच्चारले जाते आणि प्रकरण पुन्हा उघडते.

सत्तेच्या तळाशी असलेल्यांना एवढा एक अधिकार कोणालाही काढून घेता आलेला नाही. ढोल काढून घेतला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजविल्या. तबकडीची यादी वेगळी केली तेव्हा त्यांनी कंपनी काढली. घराच्या भिंतीवर खोट्या खुणा दाखविल्या तेव्हा त्यांनी दार उघडून लोकांना आत घेतले. आपल्या तरुण शाहिरांनी आणि रॅप गाणाऱ्या मुलामुलींनी या इतिहासातून चाल घेऊ नये, वाद्ये घेऊ नयेत. ती आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांनी नावे घेण्याची ही शिस्त घ्यावी, आणि जे मेले त्यांच्याबरोबर जे राबत आहेत त्यांचीही नावे घ्यावीत.